चौथी वही

वसुधाताईंसमोर काहीही सहज बोलून जाणं धोक्याचं होतं. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये महिन्यातून एकदा मराठी मंडळींचं पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असायचं. कुणीतरी साबुदाणा वडा तोंडात टाकत म्हणायचं, "ऐकलं का, जोशीचा व्हिसा रिजेक्ट झाला म्हणे." लगेच कोपऱ्यातून आवाज यायचा, "पुरावा?" जोशीची बातमी तिथेच मान टाकायची. असं चार-पाच वेळा झाल्यावर ताई ज्या खोलीत बसतील ती सोडून लोक दुसऱ्या खोलीत गप्पा मारायला जाऊ लागले.

त्या नागपूरच्या. तिथल्या एका कॉलेजात अठरा वर्षं इतिहास शिकवून, म्हणजे अठरा वेळा पानिपत हरून, नवऱ्याच्या नोकरीमागे न्यू जर्सीला आलेल्या. नवरा सतीशराव सॉफ्टवेअरमध्ये आणि स्वभावाने अत्यंत गरीब. पंचेचाळिशीत अमेरिकेत आलेल्या बायका योगाचे क्लास घेतात, मोदकांच्या ऑर्डरी घेतात, निदान डायबेटिस तरी करून घेतात. ताई जवळच्या विद्यापीठात गेल्या आणि पीएचडीला नाव घालून आल्या. मी २००२ साली त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो. पुण्याचा, बिनलग्नाचा, जुनी गाडी बाळगून असलेला. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणं ताईंना तत्त्वतःच मान्य नव्हतं. त्यामुळे शनिवारी मी त्यांना लायब्ररीत सोडायचो आणि त्या बदल्यात वर जेवायला जायचो.

"विषय काय घेतलाय?" पहिल्याच शनिवारी मी विचारलं.

"मॉर्मन बायकांच्या रोजनिश्या."

"मॉर्मन म्हणजे ते घोडागाडीवाले?"

"ते आमिश. आईवडील आले की तुम्ही त्यांना दाखवायला नेता ते. हे वेगळे. हे युटाचे. ख्रिस्तीच, पण पंथ वेगळा."

"हां हां, चार बायकावाले!"

"ते बंद होऊन शंभरावर वर्षं झाली, बाप्पा. तुझ्या खापरपणजोबाच्या किती होत्या ते आधी घरी फोन करून विचार."

मी विचारलं नाही. पण पुढची सहा वर्षं आमच्या मंडळातला प्रत्येक नवा माणूस ताईंना हेच दोन प्रश्न याच क्रमाने विचारायचा, आणि ताई प्रत्येकाला हीच दोन उत्तरं तितक्याच गांभीर्याने द्यायच्या.

नागपूरची बाई या भलत्या वाटेला कशी लागली, हे मात्र त्यांनी एकदाच सांगितलं. लायब्ररीत त्या दुसरंच काही शोधत होत्या आणि चुकीची मायक्रोफिल्म हातात आली. दीडशे वर्षांपूर्वी हातगाडी ओढत पश्चिमेकडे निघालेल्या एका बाईची रोजनिशी. "त्यात एका दिवशी लिहिलंय, 'पीठ संपलं. डावा बूट फाटला. स्तोत्र म्हटलं.' संपलं. पुढला दिवस." ताई गाडीच्या काचेबाहेर बघत म्हणाल्या. "माझी आजी वर्ध्याहून पायी आली होती म्हणतात नागपूरला, पोरं घेऊन. कुठल्या साली, काहून, काही माहीत नाही. एक ओळ नाही तिची. ह्या बाया दमून पडायच्या, पण लिहून पडायच्या. कोणीतरी वाचायला नको?"

वाचायला हवं, हे सगळ्यांनाच मान्य होतं. पैसे कुणी द्यायचे, एवढाच प्रश्न होता. विद्यापीठ फी माफ करत होतं आणि शिकवण्यापुरता पगार देत होतं. युटामध्ये वर्षभर राहून जुने कागद वाचायचे तर अनुदान हवं. त्यासाठी ताई अर्ज करायच्या, आणि नकार यायचे. प्रत्येक नकाराचं पत्र त्या डायनिंग टेबलावर ठेवून लाल पेनने तपासायच्या. व्याकरण, शब्दयोजना, मुद्देसूदपणा. खाली दहापैकी मार्क. "हे बघ," एकदा त्यांनी मला दाखवलं, "'आम्ही आपल्या अर्जाने अत्यंत प्रभावित झालो आहोत आणि म्हणूनच.' म्हणूनच काय? प्रभावित झालात म्हणून नाही म्हणता? तर्क गेला. चार मार्क."

अनुदानाच्या एका फॉर्मवर प्रश्न होता: या परंपरेशी आपलं नातं काय? तीन चौकोन होते. अनुयायी, पूर्वीचे अनुयायी, इतर. ताईंनी 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं, 'वाचक'.

या विषयाला पैसे देणाऱ्यांच्या दोन जाती आहेत हे मला त्यांच्याकडूनच कळलं. एक श्रद्धावंतांची, दुसरी श्रद्धा सोडलेल्यांची. २००४च्या वसंतात एकाच आठवड्यात दोन्हीकडून त्यांना मुलाखतीसाठी फोन आला. पहिल्या पक्षाच्या बाईंचा आवाज मधात बुडवून काढलेला. त्यांनी विचारलं, "आपल्या संशोधनामुळे श्रद्धा बळकट होईल, असं आपल्याला वाटतं का?"

"कोणाची?" ताईंनी खरोखरच माहिती म्हणून विचारलं.

फोन लवकर आटोपला. दोन दिवसांनी दुसऱ्या पक्षाचे गृहस्थ. त्यांचा आवाज वकिली. "आम्हाला सगळं उघडकीला आणणारं काम हवंय. आपण आणाल?"

"म्हणजे भांडाफोड," ताई मला सांगत होत्या. "मी म्हटलं, भांडं माझं नाही, मी कशाला फोडू? त्यात काय शिजलं होतं तेवढं बघते."

हे त्यांनी इंग्रजीत कसं सांगितलं असेल देव जाणे. पण दोन्हीकडची नकारपत्रं एकाच दिवशी आली आणि दोन्हीत तंतोतंत एकच वाक्य होतं: 'आपली भूमिका आम्हाला नीट समजली नाही.' दोन्हींना ताईंनी समान मार्क दिले.

मग दातवाले डॉक्टर उगवले.

युटातले निवृत्त दंतवैद्य. मुलांच्या दातांना तारा बसवून तीन शहरांत दवाखाने काढलेले. त्यांनी ताईंचा एक छोटा लेख कुठल्याशा वार्तापत्रात वाचला आणि सरळ फोन केला. त्यांच्या खापरपणजीच्या, एमिलीच्या, चार वह्या बँकेच्या लॉकरमध्ये होत्या. एमिली इंग्लंडमधल्या एका गिरणीगावातून आलेली. नवऱ्याची तिसरी बायको. त्या घरात तिला साध्वीचं स्थान होतं. नवऱ्याच्या उशाशी स्तोत्र म्हणत तिने प्राण सोडला, अशी कथा पाच पिढ्या सांगत आलेल्या. त्या वह्यांवर ताईंनी पुस्तक लिहावं. दोन वर्षांचा खर्च डॉक्टरांचा, छपाई डॉक्टरांची. करारात एकच बारीक कलम होतं: प्रकाशन 'कुटुंबाच्या संमतीने'.

"ताई, हे कलम नीट बघा," मी म्हणालो.

"संमती घेऊ की. खरं सांगितल्यावर नाही कोण म्हणेल?"

अठरा वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईने हे म्हणावं!

२००५मध्ये योगायोगाने माझंही प्रोजेक्ट युटातल्याच सॉल्ट लेकला आलं. ताईंनी तिथे एक खोली भाड्याने घेतली होती. दातवाले डॉक्टर माणूस अगदी लाघवी. ताईंसाठी शाकाहारी जेवण शोधता शोधता त्या घराने त्यांना किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली इतक्यांदा खाऊ घातली की ताई तिला 'थरथरती कोशिंबीर' म्हणायला लागल्या. चहा मात्र त्या धर्मात वर्ज्य. शनिवारी मीच ताईंना डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्यात वह्या वाचायला सोडायचो; त्या थर्मास माझ्या गाडीत ठेवायच्या आणि दर दोन तासांनी "जरा फोन करून येते" म्हणून पार्किंगमध्ये यायच्या. मी पहारा देत उभा. कॉलेजात सिगारेट ओढतानासुद्धा मला इतकी धाकधूक वाटली नव्हती.

वह्या वाचायला सात महिने लागले. अक्षर गिचमिड, स्पेलिंग मनाला येईल तसं. पहिल्या तीन वह्यांत दुष्काळ, टोळ, बाळंतपणं, स्तोत्रं. चौथी वही वाचून झाली त्या दुपारी ताईंनी मला ऑफिसात फोन केला. मी जाऊन बघतो तर त्या पार्किंगमध्ये चहा न पिता उभ्या.

"गेली रे ती," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"एमिली. नवऱ्याला सोडून गेली. अकरा वर्षांनी. दोन पोरी आणि शिलाई मशीन घेऊन. रेल्वेच्या गावात जाऊन खाणावळ काढली. देव सोडला नाही, दर रविवारी स्तोत्र आहेच. नवरा तेवढा सोडला. वीस वर्षं तिथेच राहिली आणि तिथेच मेली, शेवटली नोंद पोरीच्या हातची आहे. कसली उशी आणि कसलं काय!"

"डॉक्टरांना माहीत नव्हतं?"

"त्यांच्याकडे कोणाला काहीच माहीत नाही. वह्या इतक्या पवित्र की कोणी उघडल्याच नाहीत."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चिडले नाहीत. मुलाची दाढ काढावी लागेल हे आईबापांना सांगताना ज्या आवाजात बोलत असतील त्या आवाजात म्हणाले, "तीन वह्यांचं पुस्तकसुद्धा चांगलं जाडजूड होईल, नाही का?" आणि लगेच पुढे: तीन वह्यांवर थांबायचं असेल तर आणखी तीन वर्षांची सोय करायला आपली तयारी आहे.

नेमकी त्याच महिन्यात सतीशरावांची नोकरी गेली. त्यांच्या कंपनीने त्यांचं अख्खं डिपार्टमेंट उचलून बंगलोरला नेलं. म्हणजे भारतातल्या माणसांमुळे भारतातल्या माणसाची नोकरी गेली. ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलं होतं म्हणून देश सोडायची वेळ आली नाही, पण घर आता डॉक्टरांच्या पैशांवर चालत होतं. सतीशरावांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोला सल्ला दिला. फोन स्पीकरवर होता म्हणून मी ऐकला. "वसू, तीन वह्यांचं लिही आत्ता. चौथीचं मग कधीतरी लिहू. ती बाई काही आता कुठे जात नाही."

"एकदा गेली ना," ताई म्हणाल्या. "तेच तर सांगायचंय."

पण त्या रडवेल्या झाल्या होत्या. त्यांना तसं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

जुलैत डॉक्टरांच्या कुटुंबाचं संमेलन होतं. एका मोठ्या बागेत शेडखाली अडीच-तीनशे माणसं. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट आणि टी-शर्टवर एमिलीचा फोटो. नातवंडं, पणतवंडं, छातीवर साध्वी घेऊन घसरगुंडीवरून येत होती. ताईंना दहा मिनिटं बोलायचं होतं. डॉक्टरांनी त्यांच्या हातात एक टाइप केलेला कागद ठेवला. त्यात टोळ होते, स्तोत्र होतं, उशीही होती.

ताईंनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. नेसल्या होत्या नागपुरी काठाची साडी. माइकसमोर उभ्या राहिल्या आणि आपल्या ठसठशीत मास्तरीण इंग्रजीत म्हणाल्या, "मी एमिलीबद्दल बोलणार नाही. तिला बोलू दे." आणि चौथ्या वहीतला एक दिवस वाचला. अजून मला तो जवळजवळ पाठ आहे. 'आज निघाले. भाकरी भाजून ठेवली तीन दिवसांची. मोठीला म्हटलं मशीनचं चाक धर, धाकटीला म्हटलं माझा पदर. त्यांनी दारातून विचारलं, कुठे? मी म्हटलं, पुढे.' पदर अर्थात माझा. मूळ शब्द 'एप्रन' होता.

कागदी प्लेटांचा आवाजसुद्धा थांबला. डॉक्टर टेबलावरच्या बटाट्याच्या कॅसरोलकडे एक्स-रे बघावा तसे बघत होते. तेवढ्यात पहिल्या रांगेतून, व्हीलचेअरमधून, त्यांची नव्वदीची आत्या बोलली. मोठ्याने, कारण तिला स्वतःला ऐकू येत नव्हतं.

"चला, एकदाचं कुणीतरी बोललं! मला आईने सांगितलं होतं. आम्हा सगळ्या मुलींना माहीत आहे."

मागून एक बाई उठली. "मशीन माझ्याकडे आहे. चाक तुटकं आहे."

मग तिसरी, मग चौथी. पाच पिढ्यांच्या बायका एकमेकींना ओलांडून बोलायला लागल्या. अख्ख्या घराण्यात ही गोष्ट ठाऊक नसलेले फक्त पुरुष होते.

आठवड्याभरात डॉक्टरांचं पत्र आलं. मदत थांबवत आहोत, वह्या लॉकरमध्ये परत ठेवाव्यात. ताईंकडे नकला होत्याच. पत्र इतकं सभ्य, इतकं नेटकं होतं की ताईंनी त्याला दहापैकी नऊ दिले. तारीख घालायची राहिली होती, त्याचा एक मार्क कापला.

माझंही प्रोजेक्ट संपलं होतं. आम्ही पिस्कॅटवेला परत आल्यावर त्यांनी एका शाळेत बदली शिक्षिकेचं काम धरलं. आणि मग त्या घरातल्या बायकांचे चेक यायला लागले. आत्याबाईंचा पहिला. लहान लहान रकमा, सोबत फुलाफुलांच्या कार्डावर 'चौथ्या वहीसाठी'. कुणी गोधड्या विकून पाठवले होते. कसली अट नाही, कसला करार नाही. ताई कार्डं फ्रिजवर लावायच्या. मी सद्गदित झालो. पॉटलकमध्ये ही हकिकत मी इतक्या वेळा सांगितली की लोक मलाच मॉर्मनांचा तज्ज्ञ समजू लागले.

तिसऱ्या महिन्याच्या कार्डात खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. 'एक सुचवायचं होतं. एमिलीच्या खाणावळीत रेल्वेच्या माणसांना व्हिस्की मिळत असे, हे पुस्तकात असायलाच हवं का?'

ताई हसत सुटल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या, चष्मा काढून डोळे पुसले. "बघ, प्रत्येकाची एक ओळ असते. डॉक्टरची एक वही होती, ह्यांची एक ओळ आहे. एवढाच फरक." त्यांनी त्या बाईंना प्रेमाने लिहिलं की व्हिस्की ठेवावी लागेल, पण ती चांगल्या दर्जाची होती असा पुरावा आहे. चेक बंद झाले नाहीत. जरा बारीक झाले.

आमच्या मराठी मंडळींना मात्र ताईंचा फार अभिमान वाटू लागला होता. "या लोकांना सत्य पचत नाही," असं जो तो म्हणायचा. फ्रिस्कोच्या बापूकाकांनी तर फोनवर ताईंचा जाहीर गौरवच केला. बापूकाका माझे लांबचे चुलते, निवृत्त इंजिनिअर, मुलाकडे तिथेच, टेक्सासमध्ये, स्थायिक. आमच्या आडनावाच्या कुलवृत्तांताची जागतिक आवृत्ती काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. जुनी आवृत्ती तपासून द्यायला अस्सल इतिहासकार हवा होता आणि थोडं मानधनही होतं. गाठ मीच घालून दिली. "आपल्याकडे सत्याला भिणारं कुणी नाही, ताई," मी म्हणालो होतो. हे वाक्य मी आता मुद्दाम लिहून ठेवतोय.

तीन महिन्यांनी ताईंची टिपणं आली. आमचे मूळ पुरुष तलवार गाजवून इनाम मिळवते झाले, असं आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. कागदपत्रांत ते कारकून निघाले आणि इनाम त्यांना सख्ख्या चुलत्याची चुगली केल्याबद्दल मिळालं होतं. दुसरं टिपण लहान होतं. माझ्या पणजोबांची बहीण दुर्गा. कुलवृत्तांतात तिच्यापुढे 'अल्पवयात निधन' असं छापलंय. ती अल्पवयात विधवा झाली होती. मग इंदूरला जाऊन तिने दुसरं लग्न केलं, तिला चार मुलं झाली आणि ती सत्तरीत वारली. ताईंनी तिच्या नातवाचा पत्तासुद्धा जोडला होता.

बापूकाकांनी मला फोन केला. "बाई हुशार आहेत, प्रश्नच नाही. कारकुनाचं आपण 'लेखणी आणि तलवार' असं काहीतरी करू. पण दुर्गाचं... दोनच ओळी आहेत रे. तू बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतील."

आणि मी बोललो. नवल याचंच वाटतं. शनिवारी लायब्ररीकडे जाताना, सिग्नलला थांबलो असता म्हणालो, "ताई, आमचे आजोबा अजून आहेत पुण्यात. ब्याण्णव वर्षांचे. त्यांच्या सख्ख्या आत्याचं असं छापून आलं तर... दोनच ओळी आहेत. काढल्या तर बिघडेल का?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला.

"दातवाल्या डॉक्टरला तू काय म्हणाला होतास रे पार्किंगमध्ये?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी त्यांना 'ढोंगी म्हातारा' म्हणालो होतो.

"माझी आजोबांना सांगायची हिंमत नाही, ताई."

"मग तसं म्हण ना. ओळी कशाला काढून राहिला?"

जागतिक आवृत्ती रंगीत निघाली. तीत दुर्गाचं अजूनही अल्पवयातच निधन होतं. ताईंनी मानधन परत पाठवलं आणि इंदूरच्या नातवाला स्वतः पत्र लिहिलं. माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. शनिवारचं जेवण चालू राहिलं. ते गिळताना मलाच जड जायचं. पुढच्या दिवाळीत पुण्याला गेलो तेव्हा मी आजोबांना सगळं सांगून टाकलं. आजोबा म्हणाले, "आत्या दर वर्षी मला रवाळ तुपाचा डबा पाठवायची. माझी आई तो माळ्यावर लपवून ठेवायची. जिवंत आहे हे बोलायचं नाही, एवढंच आम्हाला सांगितलं होतं."

२००८च्या वसंतात ताईंना पीएचडी मिळाली. प्रबंधात चारही वह्या होत्या. व्हिस्कीसह. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत मला फ्रिस्कोला नोकरी मिळाली. बाजार कोसळत होता, ज्या संस्थांनी ताईंना नकार दिले होते त्यांचीच आता पैसे संपल्याची पत्रकं येत होती, आणि ताई म्हणत होत्या, "बरं झालं बाई, नाहीतर आपलं काम त्यात बुडालं असतं."

निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांचा निरोप घ्यायला लायब्ररीत गेलो. तळघरातल्या मायक्रोफिल्मच्या यंत्रांपाशी त्या एकट्याच होत्या. पुढच्या कामाला कुणी पैसे दिले नव्हते. तरी पुढचं काम सुरू झालं होतं. डोकं यंत्रात खुपसलेलं, चष्मा कपाळावर, पडद्याचा पांढरा उजेड तोंडावर. मी जवळ जाऊन म्हणालो, "ताई, निघतो."

त्यांनी वर न बघता एक बोट उभं केलं. "थांब रे एक मिनिट. हिचं बाळ तापाने फणफणलंय दोन दिवस. काय होते तेवढं बघू दे."

मी शेजारच्या खुर्चीत बसलो. त्या हळूहळू चाक फिरवत होत्या. एक पान पुढे गेलं, मग दुसरं. त्यांचे ओठ हलत होते. मी आहे हे त्या विसरल्या होत्या. पंधरा-वीस मिनिटं मी बसलो असेन. मग सामानाची गाडी यायची वेळ झाली, म्हणून खुर्ची न वाजवता उठलो.

मी निघालो तोवर त्या बाळाचा ताप उतरला नव्हता.